हत्यारांची हत्यारं

जुन्या चेतक स्कूटरचा पुढचा मडगार्ड नुसता वाकवलेला पत्रा नाही. एका दिशेचा बाक कुणीही पाइपावर दाबून आणेल. मडगार्ड मात्र लांबीतही वळतो आणि रुंदीतही, आणि असा दुहेरी बाक हवा असेल तर पत्रा कुठेतरी वाढवावा लागतो, कुठेतरी आकसवावा लागतो. कारखान्यात हे काम प्रेसखाली होतं. आमच्याकडे आहे तिसऱ्या मजल्यावरची बंद केलेली बाल्कनी, आणि खाली दुसऱ्या मजल्यावर काकू.

कुठे वाढवायचं नि कुठे आकसवायचं, हे कालचं वर्तमानपत्र फुकटात सांगतं. चांगल्या मडगार्डवर कागद पसरून हाताने बसवत जा. चुण्या पडतात तिथे पत्रा आकसायला हवा, कागद ताणून फाटतो तिथे वाढायला हवा. इथवर सगळं सोपं. पुढे हत्यारं लागतात, आणि ती विकत आणण्यात काय मजा?

पहिली पिशवी केली, तीही काकूंमुळे. लोखंडावर पत्रा ठोकला की सगळी सोसायटी दणाणते. ‘काय रे, देवळाचा कळस घडवतोयस का?’ असं त्यांनी जिन्यात विचारलं होतं. मग जाड चामड्याचे दोन गोल तुकडे चप्पल शिवणाऱ्याकडून दुहेरी टाक्याने शिवून घेतले आणि आत चाळलेली, खडखडीत वाळवलेली वाळू भरली. ती ठासून भरायची नाही. घाव बसला की वाळूला सरकायला जागा हवी. आता ठणठणाटाऐवजी ‘धप्प’ असा आवाज येतो. काकूंना तो आवडतो असं नाही, पण चालतो.

दुसरा ओंडका, चिंचेचा. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात मागितला तर ‘मटणाचं दुकान काढताय का?’ असा सरळ प्रश्न आला. वरच्या तोंडावर, लाकडाच्या उभ्या रेषा संपतात तिथे, कोरून वाटीएवढा खळगा केला. त्यात पत्र्याची कड धरून मारलं की कडेला निऱ्या पडतात, अगदी नऊवारीसारख्या. निरी उलगडू न देता तिच्या टोकाकडून ठोकत आणायची, म्हणजे पत्रा स्वतःतच जिरतो. तिथे तो जाड होतो आणि कड आखूड होते. ज्याने हे घडताना पाहिलं नाही त्याला लोखंड असं मुरतं हे पटत नाही. मला तर रोज पाहूनही पूर्ण पटलेलं नाही.

रविवारी जुन्या बाजारात मात्र जीव रमतो. टेम्पोच्या स्प्रिंगचा तुटका पाटा, मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग, रुळाचा बोटभर उंचीचा तुकडा. विकणारा विचारतो, ‘कशाला पाहिजे?’ खरं सांगितलं तर भाव वाढतो. पाटा तापवून जरा वाकवला, कडा घासल्या, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली, की पत्र्यावरचे उंचवटे बसवायची चापट तयार. रुळाचा माथा घासून गोल केला की खालून धरायचा ठोकळा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो हातोडीच्या तोंडावर. तोंडावर कानशीचा एक ओरखडा राहिला तरी प्रत्येक घावाबरोबर त्याचा ठसा पत्र्यावर उमटतो. म्हणून आधी कानस, मग बारीक बारीक होत जाणारा पॉलिश पेपर, शेवटी बफ. कसबा पेठेतल्या तांबट आळीत बंबावर, हंड्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके द्यायचं काम, चालतं तिथे एकदा उभं राहून पाहावं. भट्टीत तापवून मऊ केलेलं तांबं हातोडीखाली पुन्हा कडक होत जातं, आणि एकाला एक लागून बसणाऱ्या त्या ठशांनी भांड्याला बळकटीही येते, झळाळीही. ठशाची चमक मुळात हातोडीच्या तोंडाची असते. एका वयस्कर कारागिराला मी माझी हातोडी दाखवली. त्यांनी तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘साहेब, अजून घासा.’

घासली. आता वीस गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरचा पत्रा हातोडी आणि ठोकळा यांच्यामध्ये नेमका सापडला की खणखणीत वाजतो. ठोकळा जरा सरकला की आवाज बद्द होतो. डोळ्यांना न दिसणारी चूक कानाला कळते. डेंटिंगवाले गप्पा मारत काम करतात आणि मध्येच हात थांबवतात, ते यामुळेच असावं.

मडगार्ड तयार मिळतो हे मला माहीत आहे. नाना पेठेत चौकशी करू शकता. मी केलेली नाही. कारण आता इंग्लिश व्हील करायचं डोक्यात आहे: वर सपाट चाक, खाली किंचित फुगीर, मधून पत्रा मागेपुढे फिरवायचा, ठोकाठोक जवळजवळ नाहीच. चाकांना बेअरिंग चालेल. सांगाडा मात्र दाबाखाली केसभरही उघडायला नको, म्हणजे जाड लोखंडी चॅनेल आणि भक्कम वजन. आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’. सांगाडा त्यात बसेल. बाल्कनीत तो कुठे ठेवायचा, यावर घरात चर्चा चालू आहे आणि कपडे वाळत घालायची दोरी हा कळीचा मुद्दा झाला आहे. काकू मात्र व्हीलच्या बाजूने आहेत.