छत्तीस आणि त्रेसष्ट

महिन्याचा पहिला आठवडा आणि सोमवार एकत्र आले की आमच्या तालुक्याच्या शाखेत रोखपालाच्या खिडकीसमोरची रांग पार दाराबाहेर जाते. त्या सोमवारी चार वाजता खिडकी बंद करून मी रोकड मोजायला घेतली, तर संगणकावरच्या शिलकीपेक्षा पेटीत २७,००० रुपये कमी भरले.

पुन्हा मोजले. मशीनवर भरवसा नाही म्हणून हाताने, मग हातावर भरवसा उरला नाही म्हणून परत मशीनवर. चौथ्या फेरीत माझ्या लक्षात आले, की नोटांबरोबर मी आणखीही काही पुटपुटते आहे : "बावळट कुठली. अकरा वर्षं खिडकीवर बसतेस आणि अजून मोजता येत नाही. तुला हे काम झेपतच नाही." पैसे पदरचे भरावे लागतील ही धास्ती होतीच, पण त्या धास्तीपेक्षा हा जप मोठा झाला होता. काही महिन्यांपूर्वी शाखेतल्या नव्या मुलाची रोकड ५,००० ने कमी भरली, तेव्हा याच तोंडाने मी त्याला "होतं रे असं. चहा घे, मग दोघं मिळून स्लिपा बघू" म्हटले होते.

तिजोरीची दुसरी किल्ली ज्यांच्याकडे असते ते साहेब दीड तास ताटकळले होते. शेवटी खुर्ची ओढून ते म्हणाले, "मॅडम, फरकाला नवानं भाग जातो का बघा आधी."

जात होता. लिहिताना शेजारचे दोन अंक उलटे पडले, की फरकाला नवाने नेहमीच नि:शेष भाग जातो. हा नियम त्या मुलाला मीच शिकवला होता. दीड तासात तो मला एकदाही आठवला नव्हता. स्लिपांचा गठ्ठाही मी दोनदा चाळला होता, पण स्वतःला बोल लावण्यात मन इतके गुंतले होते, की डोळ्यांखालून काय जाते आहे ते दिसतच नव्हते. याला मी इतकी वर्षे कामाची चाड समजत आले.

स्लिप सापडली : पाचशेच्या ७२ नोटा, ३६,००० रुपये. मी नोंदवले होते ६३,०००. ग्राहक "छत्तीस" म्हणाला असणार. मराठीत सहा आधी ऐकू येतो आणि तीस नंतर, बोटेही त्याच क्रमाने पडली. खात्यातून पैसे उचलले गेले नव्हते, हे नशीब. साहेबांच्या मंजुरीने चुकीची नोंद उलटवली, बरोबर नोंद घातली. तिजोरीत किल्ली फिरवताना ते म्हणाले, "छत्तीसचा आकडा दोघांत असतो असं ऐकून होतो. तुमचा एकटीचाच दिसतोय."

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीविषयी मी पुढे वाचले. कृतीची पारख करावी, सबंध माणसाला नापास करू नये, असे ती सांगते. वाचताना मला ती स्लिपच दिसत होती. चुकले होते दोन अंक, आणि मी शिक्षा देत होते अकरा वर्षांना.

सवय सुटली, असा माझा दावा नाही. गेल्या आठवड्यात ४० रुपये कमी भरले, तेव्हा "बाव" एवढे तोंडातून गेलेच. तिथेच थांबले, आधी चहा मागवला आणि स्लिपा काढल्या. फरक काही सापडला नाही. ४० रुपये पर्समधून भरले आणि सातच्या एसटीने घरी आले.