किरायातून हप्ता निघतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये, बँकेच्या रांगेत, कुठंही भेटलं तरी मला एकच विचारतात. "बाई, लातूरला एखादा फ्लॅट घेऊन किरायानं द्यावा म्हणतो. किरायातून हप्ता निघतो का?" माझा औसा रोडला एक फ्लॅट आहे आणि राहत्या घराचा वरचा मजला किरायानं असतो, एवढ्यावर मी जाणकार ठरले. आजवर मी "बघा बुवा, ज्याचं त्याचं" असं म्हणून सुटका करून घेतली. आज एकदाच सगळं सांगते.

हप्ता निघत नाही. निम्माही निघत नाही.

फ्लॅट 2013 साली 20 लाखांना घेतला, त्यात 16 लाख कर्ज. दहा टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता 15,440 रुपये बसला आणि किराया आला 6,500. पहिल्या वर्षी एक किरायदार गेला नि दुसरा आला, त्यात दीड महिना जागा रिकामी राहिली. हातात पडले 68,250. त्यातून घरपट्टी 4,200, सोसायटीचा मेंटेनन्स 7,200, रंग आणि गळका संडास मिळून 9,000. उरले 47,850, म्हणजे 20 लाखांवर शेकडा अडीचही नाही. तेव्हा मुदत ठेवीवर साडेआठ-नऊ टक्के मिळत होते. आयकरात दिलासा आहे तो असा: भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या किरायावर 30 टक्के सरसकट सूट मिळते, दुरुस्ती केली असो वा नसो. कर्जाचं व्याजही वजा होतं. पण सूट म्हणजे कमाई नव्हे.

"किंमत वाढली की नाही?" वाढली. पण दवाखान्याचं बिल आलं तर त्यातली एक खोली विकता येत नाही. तरीही फ्लॅट घेतल्याचा मला पस्तावा नाही. तो माझ्या पगारातून माझ्या नावावर झाला आहे, आणि त्याचं मोल मला कुठल्या टक्क्यात मांडता येत नाही. मग तुम्हाला का अडवते, असं विचाराल. अडवत नाही. फक्त तुम्ही विचारता तो प्रश्न अपुरा आहे, आणि अपुरा का आहे ते सांगायचं तर मला 2016 च्या उन्हाळ्यात जावं लागतं.

त्या साली धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. नळ विसरलो होतो आम्ही. पाणी भरायच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून 144 कलम लावलं होतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमचा साडेपाचशे फुटांचा बोअर फेब्रुवारीतच गेला होता. पाच हजार लिटरचा टँकर बाराशेला घ्यायचा, गच्चीवरच्या टाकीत चढवायचा, आणि निम्मे पैसे वरच्या किरायदारांनी द्यायचे असं ठरलं होतं.

वर चौघं होती. गाव चाकूरच्या बाजूला. बारावीतल्या मुलीच्या शिक्षणासाठी लातूरला बिऱ्हाड केलेलं, जसं इथं निम्म्या गल्लीत असतं. वडील डाळ मिलमध्ये कामाला. मिलचं काम कमी झालं, पगार थकला. किराया 4,500. जानेवारीचा आला नाही, मग फेब्रुवारीचा, मार्चचा. तीन टँकरचे निम्मे पैसे, 1,800, तेही राहिले. सकाळी ते मोटरसायकल कोपऱ्यापर्यंत ढकलत नेत आणि तिथं किक मारत. मला आवाज जाऊ नये म्हणून. मी खिडकीतून बघत असे, आणि मला त्या माणसाची कीव यायच्या ऐवजी संताप यायचा.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी पाना घेऊन गच्चीवर गेले. वरच्या मजल्याला जाणाऱ्या पाइपला पितळी व्हॉल्व्ह होता. उन्हानं इतका तापला होता की पदरानं धरावा लागला. बंद केला आणि खाली येऊन चहा ठेवला.

संध्याकाळी त्यांची बायको दारात आली. "बाई, वर पाणी येईना."

"टँकरचे पैसे आले की येईल," मी म्हणाले. ती काही बोलली नाही. जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला दुधासाठी बाहेर पडले. कोपऱ्यावर पाण्यासाठी भांड्यांची रांग लागलेली. घागरी, डबे, तेलाचे कॅन. रांगेत ती मुलगी. खांबाच्या उजेडात फुटपाथवर बसून फिजिक्सचं पुस्तक वाचत होती. दोन आठवड्यांवर तिची सीईटी होती. दोन पायांमध्ये एक स्टीलची कळशी दाबून धरलेली. ती कळशी माझी होती. माझ्या लग्नात आलेली, काठाखाली माझं नाव, 'मामाकडून' आणि 1989 असं घातलेलं. ते राहायला आले त्या दिवशी मीच दिली होती, सामान लागेपर्यंत असू द्या म्हणून. तिनं मान वर करून "बाई" म्हटलं, शाळेत म्हणतात तसं. मी दूध घेऊन घरी आले.

व्हॉल्व्ह मी त्या दिवशीही उघडला नाही. तिसऱ्या दिवशी उघडला. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, की मला राहवलं नाही, मीच उघडला. ते खरं नाही. उघडला आमच्या ह्यांनी. मला न सांगता.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या 29 व्या कलमानुसार मालकाला भाडेकरूचं पाणी-वीज अशी तोडता येत नाही, हे मला नंतर कळलं. पण खरं सांगायचं तर तेव्हा माहीत असतं तरी मी काय केलं असतं, याची खात्री नाही. तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. टाकीतलं पाणी माझ्या पैशाचं होतं, म्हणते. हप्ता मी भरत होते, तो कुणी माफ केला होता का? तिचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. आणि ती कळशीही नजरेपुढून जात नाही.

मी त्या व्हॉल्व्हपर्यंत का गेले, त्याचं एक कारण कागदात होतं. माझ्याकडे शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार होता आणि त्यालाच मी पक्कं समजत होते. पण त्या कायद्याच्या 55 व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते आधी ग्राह्य धरतात. मालकाला शिक्षाही होऊ शकते. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा करार, नोंदवला असता तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला 24 व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता आलं असतं, आणि जागा सोडेपर्यंत दुप्पट किराया मागता आला असता. शहरात नोंदणीला हजार रुपये आणि वर थोडी स्टॅम्प ड्यूटी लागते, आता घरबसल्या ऑनलाइन होतं. हजार रुपये वाचवले मी. त्याशिवाय घेण्याआधी एनए (जमीन बिगरशेती झाल्याचा कागद) आणि मंजूर लेआउट बघा, गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या जमिनीवरचं असेल तर नियमित झाल्याचा कागद हातात घ्या. हे तुम्हाला कुणीही सांगेल.

पाण्याचं मात्र कुणी सांगत नाही. जागा बघायला मे महिन्यात जा. बोअर किती फूट, गेल्या उन्हाळ्यात कुठल्या महिन्यात गेला, टँकर गल्लीत शिरतो का, टाकी वेगळी आहे का, हे तिथल्या राहणाऱ्याला विचारा, बिल्डरला नको. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ट्यूशनची पोरं गावी गेली, खोल्या ओस पडल्या, फ्लॅट पाच महिने रिकामा होता. तेही सोसलं मी. पण त्या वर्षात मला कुणाच्या घरातलं पाणी बंद करायची वेळ आली नव्हती.

2016 च्या मेमध्ये, सीईटी झाल्यावर वरची चौघं गेली. तोवर एप्रिलचाही किराया थकला होता. चार महिन्यांचे 18,000 आणि टँकरचे 1,800, त्यातून डिपॉझिटचे 10,000 वजा. 9,800 बाकी राहिले. पाठवतो म्हणाले, नाही आले. कळशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, चिंचेनं घासून, उपडी ठेवलेली होती. मुलीचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. विचारायला नंबर आहे, विचारलं नाही.

वरच्या मजल्याला आता वेगळी टाकी बसवली आहे. व्हॉल्व्ह त्यांच्याच बाथरूममध्ये आहे. किरायाच्या वहीत 2016 च्या पानावर ते 9,800 अजून तसेच आहेत. ह्यांनी दोनदा सांगितलं, खोडून टाक. मी खोडलेले नाहीत.