चिठ्ठीचा कापलेला भाग

२०२१ च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा. नागपूरच्या मेडिकल चौकाजवळच्या औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट म्हणून काम करत होते. जिल्ह्यात रोज कोरोनाचे सहा-सात हजार नवे रुग्ण निघत होते. बाकी बाजार बंद, आमचं शटर तेवढं उघडं. दहा वाजताच ऊन डोळ्यात खुपायचं, आणि त्या उन्हात माणसं दोरीच्या पलीकडे रांगेत उभी असायची. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. कागदाची चिठ्ठी दहातल्या तिघाचौघांकडे, बाकीच्यांकडे फोटो.

त्या दिवशी तिशीतला एक जण आला. महाल भागातून सायकलवर आला होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्यानं फोन काचेला टेकवून धरला. "ताई, हे सारं द्या. दहा दिवसाचं."

फोटोत डॉक्टरी अक्षर होतं, खरंखुरं. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, दहा दिवस. रक्त पातळ करणारं इंजेक्शन. एक अँटिबायोटिक. पोटासाठी गोळी. वर कोणीतरी टाइप केलं होतं, 'मेडिकलच्या मोठ्या डॉक्टरांचा कोरोना कोर्स, घरीच बरे व्हा, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.'

"पेशंट कोण आहे, भाऊ?"

"बाबा. अठ्ठावन वर्षांचे. ताप हाय कालपासून. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला."

"शुगर?"

"हाय. गोळ्या चालू हायेत."

"ऑक्सिजन किती दाखवतंय?"

"सत्त्याण्णव."

मी म्हटलं, यातली पहिली गोळी स्टेरॉइड आहे, ती मी देऊ शकत नाही. तो गप्प राहिला. मग एकदम त्याचा आवाज चढला. "काहून नाही देत जी? तिकडं बेड नाही म्हणतात, इकडं तुम्ही औषध नाही देत. मंग माणसानं मरावं काय?" मागची रांग आमच्याकडे बघू लागली. दोन दुकानं पलीकडे त्याला ते मिळालं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्याचा राग मला समजत होता. त्याच्या हातातलं औषध खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, हे कोणी घेऊन आलं तर मी दोन वाक्यांत सांगायची. पण डेक्सामेथासोननं जीव वाचतो, हे खरंच आहे. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीनं जून २०२० मध्ये ते दाखवलं होतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू एक-तृतीयांशानं कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत एक-पंचमांशानं. आणि ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता, त्यांना काहीही फायदा दिसला नाही. हे शेवटचं वाक्य सोबत असल्याशिवाय पहिली दोन कोणाला सांगूच नयेत, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

मी त्याला बाजूच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. मालक काकांना काउंटर सांभाळायला सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा लावून पुढे आले.

"पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी झुंजत असतं," मी म्हटलं. "ही गोळी त्या झुंजणाऱ्याचेच हात धरते. ताप उतरेल, तुम्हाला वाटेल बाबा बरे झाले. आत काय चाललंय ते झाकलं जाईल. आणि शुगर कुठल्या कुठे चढेल."

"पन डॉक्टरनंच लिहिलं हाय ना."

"कोणत्या पेशंटसाठी?"

तेव्हा मी फोटो नीट पाहिला. वरचा भाग कापलेला होता. नाव नाही, तारीख नाही, वजन नाही. चिठ्ठीचं डोकंच नव्हतं. मी विचारलं, हे तुम्हाला पाठवलं कोणी? साळ्यानं, वर्ध्याहून. मी म्हटलं, लावा फोन. साळ्याला ते ऑफिसातल्या मित्रानं दिलं होतं. मित्राला काटोलच्या मावसबहिणीनं. तिसरा फोन तिनं उचलला तेव्हा आम्ही स्पीकर लावला.

"हो, माह्या मिस्टरांचंच हाय ते," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशीवर आला होता ऑक्सिजन. आठ दिवस भरती होते. देवाच्या दयेनं घरी आले. माह्या भावानं फोटो काढून साऱ्यांना पाठवला, म्हटलं लोकायचं भलं होईन. नाव दिसू नये म्हणून वरचं कापलं."

मी तिला पूर्ण फोटो मागितला. तिनं पाठवला. वरच्या चार ओळींत सगळं होतं. तापाचा नववा दिवस. ऑक्सिजन ८८ टक्के. नळीनं ६ लिटर ऑक्सिजन चालू. वजन ७२ किलो. शुगर दर सहा तासांनी तपासा.

दोन्ही फोटो शेजारी धरून तो बराच वेळ बघत राहिला. नाव लपवावं म्हणून एका भल्या माणसानं कात्री चालवली होती, आणि त्याच कात्रीत नववा दिवस आणि अठ्ठ्याऐंशी हेही गेलं होतं. कोणाची फसवणूक करायचा कोणाचाच हेतू नव्हता. मला त्या क्षणी फार भरून आलं. त्या आठवड्यात असे किती फोटो मी नुसतेच 'नाही' म्हणून परत केले होते, आणि ती माणसं पुढच्या दुकानात गेली असतील.

मग मी त्याला दिल्लीचं एम्स रुग्णालय आणि आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था, यांचा २२ एप्रिलचा एक पानाचा उपचारांचा तक्ता दाखवला. इंग्रजीत होता, म्हणून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत उतरवला. सौम्य आजार: धाप नाही, ऑक्सिजन ठीक, ताप-खोकल्याचं औषध, पाणी, आराम, नोंद. मध्यम: ऑक्सिजन ९० ते ९३, किंवा मिनिटाला २४ किंवा जास्त श्वास, भरती, ऑक्सिजन, आणि तेव्हा स्टेरॉइड. गंभीर: ९० च्या खाली. रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी इंजेक्शनबद्दलही त्यात स्पष्ट होतं की ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला नको, आणि घरी तर नकोच. ज्या इंजेक्शनसाठी लोक दागिने गहाण ठेवत होते त्याबद्दल हे वाक्य छापलेलं होतं. वाचणारं कोणी नव्हतं.

एक गोष्ट मी त्याच्यापासून लपवली नाही. त्याच तक्त्यात आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध होतं, पण 'पुरावा कमकुवत' या सदराखाली. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्चअखेरीलाच म्हटलं होतं की ते संशोधनाबाहेर वापरू नये. "म्हणजे सरकारी कागदही चुकू शकतो?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, बदलू शकतो, आणि बदलला की नवी तारीख घालून येतो. (पुढे मे महिन्यात त्यातून बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा देण्याचा उपचार गेला, सप्टेंबरात आयव्हरमेक्टिन.) तुमच्या फोटोला तारीखच नाही, तो बदलणार कसा?

तो पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं आणि शेवटचा शिल्लक ऑक्सिमीटर घेऊन गेला. घरी होता तो शेजाऱ्याचा, परत द्यायचा होता. मी सांगितलं, बोट गरम हवं, नखाला मेंदी-पॉलिश नको, एक मिनिट हात हलवायचा नाही. सकाळ-संध्याकाळ सहा मिनिटं चालवून पुन्हा बघा. ९४ च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनपेक्षा जास्तनं उतरला, तर मला फोन करू नका, थेट दवाखान्यात जा. डॉक्टरशी फोनवर बोलता यावं म्हणून मी आमच्या ओळखीच्या एका फिजिशियनचा नंबरही दिला. ते रात्री अकरापर्यंत फोन घेत होते, त्या दिवसांत.

पुठ्ठा मी काउंटरच्या काचेला आतून चिकटवला. वर तारीख टाकली.

आजाराच्या आठव्या दिवशी त्याच्या बाबांचा ऑक्सिजन बसून ९५ होता, चालल्यावर ९१. तिसऱ्या ठिकाणी बेड मिळाला. हे मला नंतर कळलं, मेच्या मध्यावर, तो पुन्हा दुकानात आला तेव्हा. वाळला होता. इन्सुलिनच्या सिरिंज आणि शुगर तपासायच्या पट्ट्या हव्या होत्या. तिथं भरती झाल्यावर डॉक्टरांनी डेक्सामेथासोनच सुरू केलं, तीच गोळी, तेवढाच डोस. शुगर चारशेपर्यंत गेली होती, पण नर्स दर सहा तासांनी बघत होती.

"बाबा घरी आले कालच," तो म्हणाला. "जेवायला मागून ऱ्हायले."

मी चिठ्ठी मागितली. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला, काचेवर उलगडला, तळहातानं सुरकुत्या सपाट केल्या, आणि मी विचारायच्या आधीच वरच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं.