सेलेस्ट संपवल्यावर

२०१८ चा सेलेस्ट हा व्हिडिओ गेम अवघड आहे, पण अन्यायी अजिबात नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते, म्हणून बटण दाबायची घाई नको. जीव जातो तो बहुधा डॅशच्या, म्हणजे झटकन मारलेल्या झेपेच्या, दिशेमुळे. दिशा आठ, तिरपं जायचं असताना कंट्रोलरची स्टिक जराशी सरकली की गेमची नायिका मॅडलिन थेट काट्यांत! डी-पॅड (कंट्रोलरवरची दिशांची बटणं) वापरून बघा, नेम सुधारतो. भिंतीला लटकताना ती लाल चमकू लागली की पकड सुटायला आली समजा. जमिनीवर टेकताच दम परत भरतो. वाटेत गोळा करायची स्ट्रॉबेरीही पाय टेकल्याशिवाय मोजली जात नाही. खेळ सोपा करणाऱ्या असिस्ट मोडमध्ये गेमचा वेग ५० टक्क्यांपर्यंत उतरवता येतो, आणि तो वापरण्यात कमीपणा काहीच नाही. संगीत मात्र हेडफोन लावूनच ऐका.