इतक्या लवकर?

संध्याकाळी पाऊस उघडला म्हणून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर गेले आणि चिडूनच परत आले. मृग लागून आठवडाही झाला नसेल, एवढ्यात सगळा कातळ हिरवा! मे महिन्यात तिथे अनवाणी पाऊल टेकवत नव्हतं. काळाठिक्कर जांभा, करपलेलं गवत, मध्येच वणव्याची राख. आता कशाचाही मागमूस नाही.

इतक्या लवकर?

२०२५ साली तर पाऊस मृगासाठीही थांबला नव्हता. एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबई गाठणारा मान्सून २६ मेलाच तिथे पोचला होता. त्या वर्षी आम्ही दोघी खळ्यात... असो.

सकाळी काकी म्हणाली, "पाऊस पडला, आता बरं वाटेल बघ तुला." तिची माया कळते मला. पण पाऊस पडला म्हणून मला का बरं वाटावं? जमिनीला जमतं ते. चार सरी आल्या की उन्हाळा कधी नव्हताच जणू. माझा उन्हाळा कुणी धुऊन न्यावा असं मला वाटतच नाही. सड्याचा रागच आला मला. इतकं होरपळून निघायचं आणि इतक्या लवकर विसरायचं?

रागातच खाली बसले. कातळाच्या खाचेत, जिथे माती जेमतेम दोन बोटं असेल, दिपकाडी फुललेली. पांढरीशुभ्र. देठाच्या बुडाची माती वाहून गेली होती आणि कांदा उघडा पडला होता. म्हणजे मे महिन्यातही हा इथेच होता. मागच्या पावसाळ्यात जे साठवलं, त्यावर ह्याने अख्खा उन्हाळा काढला. वाटेच्या कडेला टाकळा रुजलाय, तोही गेल्या वर्षी सांडलेल्या बियांचा. शेवळं तर पानाचीही वाट बघत नाहीत, आधी फूलच वर काढतात, ते कंदातल्या जुन्या शिदोरीवरच.

म्हणजे हे हिरवं काही आठवड्याभरात आलेलं नाही. सडा काहीच विसरलेला नाही. मग मी रागावले कुणावर?

आणि दिवाळीपर्यंत हे गवत पुन्हा पिवळं पडायला लागेलच. सड्याला त्याची सवय आहे. मलाही होईल बहुतेक.

काकीला उद्या सांगणार आहे, बरं अजून वाटत नाहीये. पण टाकळा खुडण्याजोगा झाला की मी घेऊन येईन, भाजी तू कर.