रिकाम्या डब्यासमोर

आमची कुत्री राणी सातव्या डब्यासमोर बसली. कान टवकारलेले, नजर माझ्या खिशातल्या बॉलवर. मला वाटलं, जमलं! पाठीमागे यादी घेऊन उभ्या असलेल्या सहकाऱ्याने मान हलवली. डबा रिकामा होता.

पेंचच्या जंगलालगत चार महिने आम्ही तिला वाघाची विष्ठा हुडकायला शिकवत होतो: वास लागला की त्या डब्यासमोर बसायचं, मग बक्षीस म्हणून बॉल. विष्ठेवर आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यांच्या डीएनएवरून वाघ कोणता, नर की मादी, हे कळतं. पण वाघाची की बिबट्याची, हे नुसतं बघून सांगताना भलेभले फसतात.

पहिला संशय मला स्वतःचाच आला. २०११ साली कॅलिफोर्नियात एक प्रयोग झाला होता. वास कुठेच ठेवलेला नसताना, तो आहे असं हँडलरना, म्हणजे कुत्रं हाताळणाऱ्यांना भासवलं, आणि हँडलर-कुत्र्याच्या १८ जोड्यांनी मिळून २०० हून जास्त खोटे इशारे नोंदवले. हँडलरचा श्वास जरा अडकला तरी कुत्र्याला पुरतो. म्हणून पट्टा सहकाऱ्याकडे दिला, डब्यांच्या जागा वनरक्षक भाऊंनी बदलल्या आणि मी जीपमागे जाऊन उभी राहिले. ऊन चढत होतं. कुत्रं धापा टाकायला लागलं की त्याचं हुंगणं संपलंच.

राणी पुन्हा त्याच डब्यासमोर!

भाऊ म्हणाले, "मॅडम, हा डबा सकाळी तुमीच पुसला न, ते निळे हातमोजे घालून?"

पुसला होता. आणि वाघाचे सगळे नमुनेही मीच, तेच मोजे घालून भरले होते. बिबट्याचे भाऊंनी काडीने उचलून आणलेले. मी नव्या खोक्यातला एक मोजा काढला, भाऊंनी तो कोऱ्या डब्यात टाकला. राणी थेट तिथे जाऊन बसली, शेपूट जमिनीवर आपटत.

"वाघाले नाही, मोज्याले हुडकते," भाऊ हसले. मला हसू आलं नाही, चार महिने गेले होते.

बॉल दिला नाही. ती माझ्यावर भुंकली, आणि तिच्या हिशेबाने ते रास्तच होतं. दुपारी बसून वाघ, बिबट्या, रिकामा, प्रत्येक डब्यात मोज्याचा एकेक तुकडा टाकला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या धड्यापासून सुरुवात केली.