आमची वाटचाल: मोटार वाइंडिंगपासून कारच्या स्पीकर दुरुस्तीपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या आण्णांचं मोटार वाइंडिंगचं काम होतं. आसपासच्या गावांतून विहिरीवरच्या, नदीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या. जुनी तार उपसून काढायची, स्लॉट घासून साफ करायचे, वेढे मोजून भरायचे, वार्निश देऊन वाळत ठेवायचं. आण्णा वेढे मोजत असताना दुकानात कुणी बोललेलं चालायचं नाही. गिऱ्हाईक आलं तरी ते हातानंच थांबायची खूण करायचे. मी शाळा सुटली की तिथंच असायचो.

गणपतीच्या आधी मंडपवाले पंधरा आणि अठरा इंची स्पीकर घेऊन यायचे. आत्ताच्या आत्ता पाहिजे, संध्याकाळी मिरवणूक आहे, अशी घाई. स्पीकरची व्हॉइस कॉइल, म्हणजे आवाज काढणारा पडदा हलवणारं वेटोळं, तीसुद्धा इनॅमलची तांब्याची तारच, फक्त केसासारखी बारीक. त्यामुळं आण्णा ती कामं नाही म्हणत नसत. माझा हात तिथं बसला.

कारचा स्पीकर मात्र माझ्याकडं आला तो मी स्वतः फोडला म्हणून. एका मित्राच्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानात मी जोडधंदा म्हणून फिटिंगला जायचो. एका गाडीच्या दारात नवा कोरा सेट बसवत होतो. शेवटचा स्क्रू राहिला होता. स्क्रूवरून पेचकस सरकला, स्पीकरच्या मॅग्नेटनं तो आत ओढून घेतला आणि टोक कोनमधून, म्हणजे आवाज काढणाऱ्या कागदी पडद्यातून, आरपार गेलं. मालक शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. नुसता कोन मिळेल का म्हणून चौकशी केली, तर सगळीकडून एकच उत्तर: पार्ट मिळत नाही, जोडीच घ्या. जोडीचे पैसे मी भरले.

फुटलेला स्पीकर घरी आणला आणि रात्री त्याच्यासमोर बसलो. मॅग्नेट चांगला, कॉइल चांगली, तिला मध्यावर धरणारी कापडी चकती, म्हणजे स्पायडर, तोही चांगला. अख्ख्या स्पीकरला बोटाच्या पेरापेक्षा लहान एक भोक, तेवढ्यासाठी तो भंगारात जाणार होता. ते मला पटलं नाही, आजही पटत नाही. आमचा धंदा त्या रात्रीपासून सुरू झाला असं मी धरतो.

कागदी कोन जोडायची पद्धत आम्ही करत करत बसवली. फाटलेल्या कडा आधी एका पातळीत आणायच्या. पातळ टिश्यू कागद कात्रीनं कापायचा नाही, हातानं फाडायचा. फाडलेल्या कडेचे धागे कोनमध्ये मिसळून जातात, कापलेली कड उठून राहते. पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल, आधी मागून एक तुकडा, तो पूर्ण वाळला की पुढून दुसरा. जाड ठिगळ लावलं तर कोन एका बाजूला जड होतो आणि कॉइल तिरकी चालायला लागते. पॉलीप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, कोनचं काम वेगळं. त्याला साधा गोंद धरतच नाही. आधी बारीक पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग चिकटवायचं. हे कळेपर्यंत आम्ही दोन-तीन कामं परत घेऊन पुन्हा करून दिली, पैसे न घेता.

आमच्याकडं येणारे स्पीकर बहुतेक अपघाताचेच. फिटिंग करताना घुसलेला पेचकस. गाडीत चढताना दाराच्या जाळीवर बसलेली लाथ. मागच्या ट्रेवरच्या सहा बाय नऊ इंची लांबट स्पीकरवर आपटलेली छत्री किंवा बॅग. लहान मुलांना कोनच्या मधली फुगीर टोपी, म्हणजे डस्ट कॅप, दाबायला फार आवडते; ती आत गेली एवढंच असेल तर आम्ही चिकटपट्टीनं बाहेर ओढून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

न दिसणारा अपघात पाण्याचा. काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी दाराच्या आत जाणारच, गाडीची रचनाच तशी आहे. ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं आणि आतल्या पॅनेलकडं येऊ नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. घाईचा फिटर तो पडदा फाडतो आणि तसाच सोडून देतो. पुढच्या पावसाळ्यात स्पीकर खरखरायला लागतो. म्हणून आमच्याकडं गाडी आली की आम्ही आधी पडदा बघतो, खालची भोकं मोकळी करतो, मगच स्पीकरला हात लावतो.

ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत गाड्या पाण्याखाली. पाणी उतरल्यावर आठवडाभरात आमच्या दारात स्पीकरची रांग लागली. गॅरेजवाले पोती भरून आणत होते. लोकांची घरं धुऊन निघाली होती, त्यांना स्पीकरचं काय, असं मला पहिल्यांदा वाटलं. पण एक रिक्षावाले मामा टपावरचे दोन स्पीकर घेऊन आले आणि म्हणाले, "गाडी पुसून घेतली, आता एवढं वाजतंय काय बघा की." त्यानंतर मी कुणाला परत पाठवलं नाही.

त्या महिन्यात जे शिकलो ते कुठं शिकायला मिळालं नसतं. चिखल आधी साध्या पाण्यानं धुवायचा, सुकला तर तो स्पायडरच्या कापडात सिमेंटसारखा बसतो. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. उन्हात कोन वाकडा होतो. आणि वाळल्याशिवाय वाजवून बघायचं नाही. पॉलीचे कोन बरेच वाचले, कागदी बहुतेक गेले. कोन वाचला तरी मॅग्नेटच्या गॅपमध्ये, म्हणजे कॉइल ज्या फटीत हलते तिथं, गंज चढला असेल तर कॉइल अडकते. मग डस्ट कॅप ब्लेडनं कापायची, कोन उचलायचा, गॅप चिकटपट्टीनं पुसत पुसत लोखंडाचा शेवटचा कण बाहेर काढायचा. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा आमची तयारी होती.

कॉइल परत बसवायचं काम बघायला लोक थांबतात. पोल, म्हणजे मधला लोखंडी खांब, आणि कॉइल यांच्यामध्ये जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या सरकवायच्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्यावर उभी राहते. सराउंड, म्हणजे कोनच्या कडेची लवचीक पट्टी, चिकटवायचा, 24 तास हलवायचं नाही, मग पट्ट्या ओढून घ्यायच्या. दोन्ही अंगठ्यांनी कोन हळूच खाली दाबला की काहीही ऐकू आलं नाही पाहिजे. जराशी खर्र आली तरी पुन्हा सगळं उघडायचं. त्यानंतर मीटर: चार ओहमच्या स्पीकरला साडेतीनच्या आसपास दाखवायला हवं. शेवटी दीड व्होल्टचा सेल, प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. उलटा बसला तर जोडीतले दोन स्पीकर एकमेकांचा बास खाऊन टाकतात.

हे पट्ट्यांचं आणि चिकटवायचं काम आज माझी बायको बघते. ती आधी ब्लाऊज शिवायची. माझ्यापेक्षा तिचा हात स्थिर आहे, हे मी प्रत्येकाला सांगतो. तिच्या हाताखाली आता दोन मुली शिकल्या. वाइंडिंग माझ्याकडं.

प्रत्येक काम आम्ही घेत नाही. ठोकरीत बास्केट, म्हणजे स्पीकरचा बाहेरचा सांगाडा, वाकली असेल, पडून मॅग्नेट सरकला असेल, तर दुरुस्ती टिकत नाही आणि आम्ही तसं तोंडावर सांगतो. साधा स्वस्त सेट असेल तर नवीन घ्या म्हणतो. पण गाडीबरोबर आलेला, त्याच दाराच्या मापाचा, त्याच खोलीचा, त्याच कनेक्टरचा स्पीकर असेल तर तो वाचवण्यासाठी आम्ही वाटेल तेवढा वेळ देतो. दुसरा बसवायचा म्हणजे दारात नवीन भोकं पाडायची.

आण्णा आता दुकानात रोज येत नाहीत. आले की कॉइलचे वेढे मोजत बसतात, आणि आम्ही सगळे गप्प राहतो.

आमच्याकडं स्पीकर आणताना जोडीतला चांगला स्पीकरही सोबत आणा. दुरुस्त झालेला त्याच्या शेजारी वाजवून, तुमच्या कानानं ऐकवूनच आम्ही देतो.